मावळ तालुक्यातील इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळा

मावळ तालुक्यातील इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळा म्हणजे महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील मावळ या मराठीभाषक तालुक्यात शासनाऐवजी खाजगी संस्था, न्यास किंवा धार्मिक संघ यांच्यामार्फत चालवल्या जाणाऱ्या आणि इंग्रजीतून शिकवणाऱ्या शाळा होत. या शाळा प्रामुख्याने लोणावळा, तळेगाव दाभाडे, वडगाव मावळ आणि कामशेत या रेल्वेमार्गावरील गावांत आहेत. त्यांतील बहुतेक अनिवासी आहेत, म्हणजे विद्यार्थी सकाळी शाळेत येऊन दुपारी किंवा सायंकाळी घरी परततात.

तालुक्यातील इंग्रजी शिक्षणाची सुरुवात एकोणिसाव्या शतकात लोणावळ्याच्या रेल्वे वसाहतीत झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी याच तालुक्यातील तळेगाव येथे मातृभाषेतून राष्ट्रीय शिक्षण देण्याचा प्रयोग झाला. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत कोणाला प्रवेश असावा, हा प्रश्न १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या काळी तो भाषा आणि वंश यांच्या आधारे विचारला जात होता. आज तो मुख्यतः शुल्क, घरापासूनचे अंतर आणि बालकांच्या शिक्षण हक्काच्या संदर्भात विचारला जातो.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

मावळ तालुका सह्याद्रीच्या पूर्व उतारावर वसला असून वडगाव हे त्याचे मुख्यालय आहे. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ हे तालुक्याचे परंपरागत भाग नद्यांच्या खोऱ्यांवरून ओळखले जातात. लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना हे किल्ले आणि कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी याच तालुक्यात आहेत. भात हे येथील मुख्य पीक आहे. खोऱ्यांतील वाड्या-वस्त्यांवर शेतकरी कुटुंबांबरोबरच महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी या आदिवासी समाजांची वस्ती आहे.

मुंबई–पुणे रेल्वेमार्ग तालुक्याच्या मधून जातो. पुणे–लोणावळा लोकल गाडी तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत आणि मळवली या स्थानकांवर थांबते. जुना मुंबई–पुणे महामार्ग आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्गही याच पट्ट्यातून जातात. त्यामुळे तालुक्यात दोन वेगळी जीवनमाने शेजारी शेजारी दिसतात. लोहमार्गालगत बाजारपेठा, कारखाने, निमशहरी वसाहती आणि इंग्रजी शाळा आहेत. आतल्या खोऱ्यांत शिक्षणाची मुख्य सोय जिल्हा परिषदेच्या मराठी शाळा, आश्रमशाळा आणि अनुदानित माध्यमिक विद्यालये यांची आहे.

संज्ञा

‘इंग्रजी शाळा’ या शब्दाचा अर्थ मराठीत काळानुसार बदलला आहे. स्वातंत्र्यापूर्वी मुंबई इलाख्यात विद्यार्थी प्रथम मराठी इयत्ता पूर्ण करीत आणि नंतर इंग्रजी शाळेत जात. तेथे इयत्तांची मोजणी पुन्हा ‘इंग्रजी पहिली’पासून सुरू होऊन सातवी इयत्ता मॅट्रिकची असे. अशा शाळेत येणाऱ्या मुलाचा पाया मराठी असे आणि इंग्रजी नंतर येई. पुण्यात १८८० मध्ये स्थापन झालेले न्यू इंग्लिश स्कूल याच अर्थाने ‘इंग्लिश स्कूल’ होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक यांच्यासारखे मराठी भाषेचे अभिमानी त्याचे संस्थापक होते.

आजच्या बोलीत ‘इंग्लिश मीडियम’ म्हणजे पहिलीपासून, बहुधा नर्सरी आणि केजीपासूनच, सर्व विषय इंग्रजीतून शिकवणारी शाळा. ख्रिस्ती संन्यासिनींनी चालवलेल्या शाळांना ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात, परंतु व्यवहारात हा शब्द कोणत्याही इंग्रजी माध्यमाच्या शाळेसाठी सैलपणे वापरला जातो. मराठी माध्यमात शिकताना केवळ गणित व विज्ञान हे विषय इंग्रजीतून घेण्याच्या पद्धतीस ‘सेमी-इंग्रजी’ असे नाव आहे.

इतिहास

मुंबई इलाख्यातील माध्यमाचा वाद

पश्चिम भारतात शिक्षणाच्या माध्यमाचा वाद ब्रिटिश राजवटीच्या आरंभीच्या काळापासून चालू आहे. १८४० मध्ये मुंबई इलाख्यासाठी शिक्षण मंडळ नेमले गेले. या मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांनी मर्यादित वर्गाला इंग्रजीतून उच्च शिक्षण देण्यावर भर दिला. मंडळाचे सदस्य कर्नल जॉर्ज जर्व्हिस, जगन्नाथ शंकरशेट आणि इतर भारतीय सदस्यांनी देशी भाषांतून अधिक लोकांपर्यंत शिक्षण नेण्याचा आग्रह धरला. १८४०च्या दशकाच्या उत्तरार्धात हा मतभेद तीव्र झाला होता. १८५४ च्या वुडच्या खलित्याने उच्च शिक्षणासाठी इंग्रजी आणि सर्वसामान्यांच्या शिक्षणासाठी देशी भाषा अशी विभागणी मान्य केली. खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धतही याच खलित्यामुळे रूढ झाली.

लोणावळ्याची रेल्वे शाळा

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा खंडाळा–पुणे मार्ग १८५८ मध्ये आणि बोरघाटातील चढाचा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. घाट चढण्यासाठी गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागत. त्यामुळे घाटमाथ्यावरील लोणावळा हे इंजिनांच्या देखभालीचे महत्त्वाचे ठाणे बनले. इंजिनचालक, गार्ड, फिटर आणि पर्यवेक्षक यांच्यासाठी वसाहत उभी राहिली. त्या काळी यांपैकी वरच्या जागांवर युरोपीय व अँग्लो-इंडियन कर्मचाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये लोणावळ्याच्या वर्णनात रेल्वेच्या कारखान्याबरोबर प्रॉटेस्टंट व रोमन कॅथलिक प्रार्थनामंदिरे, सहकारी भांडार, मेसॉनिक लॉज आणि रेल्वे शाळा यांची नोंद आढळते.

अशा रेल्वे शाळांमागे एक निश्चित धोरण होते. १८६० मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी भारतातील युरोपीय व युरेशियन मुलांच्या शिक्षणाकडे सरकारने लक्ष द्यावे असे टिपण लिहिले होते. संपन्न युरोपीय अधिकारी मुलांना इंग्लंडला किंवा डोंगरी ठिकाणच्या निवासी शाळांत पाठवत. रेल्वेतील सामान्य कर्मचाऱ्याला ते परवडत नसे, म्हणून रेल्वेच्या मोठ्या ठाण्यांवर इंग्रजीतून शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. मराठी मुलखात असल्या तरी त्या मराठी मुलांसाठी नव्हत्या. ज्यांची घरची भाषाच इंग्रजी होती अशा मुलांना त्या त्यांच्या भाषेतून शिकवीत. या अर्थाने त्या मातृभाषेच्याच शाळा होत्या. १९२९ च्या सुमारास घाटमार्गाचे विद्युतीकरण झाले. त्यानंतर वाफेच्या इंजिनांचे ठाणे म्हणून लोणावळ्याचे महत्त्व घटत गेले आणि स्वातंत्र्यानंतर अँग्लो-इंडियन वस्तीही विरळ झाली.

तळेगावचे समर्थ विद्यालय

लोणावळ्यापासून रेल्वेने सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या तळेगाव दाभाडे येथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात याच्या उलट दिशेचा प्रयोग झाला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील माजी प्राध्यापक आणि ‘ग्रंथमाला’ या मासिकाचे संपादक विष्णु गोविंद विजापूरकर (१८६३–१९२६) यांनी राष्ट्रीय शिक्षणासाठी समर्थ विद्यालय स्थापन केले. ते पुढे तळेगाव येथे स्थिरावले. १९०६ च्या कोलकाता काँग्रेसने स्वदेशी, बहिष्कार व स्वराज्य यांबरोबर राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव केला होता. समर्थ विद्यालय हे महाराष्ट्रातील त्या चळवळीचे प्रमुख केंद्र ठरले. लोकमान्य टिळकांचा त्याला सक्रिय पाठिंबा होता. सरकारी अनुदान व सरकारी नियंत्रण नाकारणे, मातृभाषेतून शिकवणे आणि धर्म, इतिहास व उद्योग यांच्या शिक्षणास अभ्यासक्रमात स्थान देणे ही राष्ट्रीय शिक्षणाची वैशिष्ट्ये होती. याच काळात, १९०८ मध्ये, लोकवर्गणीच्या पैसाफंडातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. तेथे तरुणांना काचकाम शिकवले जाई.

विजापूरकरांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकातील श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या वैदिक प्रार्थनांवरील लेखाबद्दल विजापूरकरांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना कारावास झाला. १९१० मध्ये सरकारने समर्थ विद्यालय बंद पाडले. सुटकेनंतर विजापूरकरांनी हे काम पुन्हा हाती घेतले आणि तळेगावला नवीन समर्थ विद्यालय उभे राहिले. त्याची परंपरा नूतन महाराष्ट्र विद्या प्रसारक मंडळ या संस्थेने पुढे चालवली. ही संस्था आज अभियांत्रिकी महाविद्यालयही चालवते. राष्ट्रीय शाळेच्या वारशातून निघालेल्या संस्थेलाही उच्च तांत्रिक शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे लागते, ही बाब तालुक्यातील माध्यमाच्या प्रश्नाचे स्वरूप दाखवते. पालक पहिलीसाठी शाळा निवडतात तेव्हा त्यांच्यापुढे बहुधा बारावीनंतरचे शिक्षण असते.

१९५४ चा प्रवेशबंदी आदेश व न्यायनिवाडा

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने इंग्रजीचा वापर मर्यादित करण्याचे धोरण स्वीकारले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात इंग्रजीचे शिक्षण पाचवीऐवजी आठवीपासून सुरू करण्यात आले. मराठी, गुजराती व कन्नड या भाषा माध्यमिक शिक्षणाचे माध्यम म्हणून स्थिरावत होत्या. तरीही अँग्लो-इंडियन व मिशनरी संस्थांच्या इंग्रजी शाळांत इतर समाजांतील मुलांची संख्या वाढत गेली.

मोरारजी देसाई मुख्यमंत्री असताना राज्य सरकारने ६ जानेवारी १९५४ रोजी एक परिपत्रक काढले. त्यानुसार इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत यापुढे केवळ अँग्लो-इंडियन आणि आशियेतर वंशाच्या नागरिकांच्या मुलांनाच प्रवेश देता येणार होता. हा आदेश संपूर्ण मुंबई राज्याला, म्हणजे पुणे जिल्ह्यालाही, लागू होता. नाशिकजवळच्या देवळाली येथील बार्न्स हायस्कूल चालवणाऱ्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीने आणि प्रवेश नाकारलेल्या मुलांच्या पालकांनी त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ही संस्था १८१५ मध्ये आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी स्थापन केली होती.

मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या खंडपीठाने फेब्रुवारी १९५४ मध्ये हा आदेश अवैध ठरवला. राज्याचे अपील सर्वोच्च न्यायालयाने २६ मे १९५४ रोजी फेटाळले. न्यायमूर्ती सुधी रंजन दास यांनी लिहिलेल्या निकालात दोन मुद्दे प्रमुख होते. पहिला मुद्दा राज्यघटनेच्या अनुच्छेद २९ (२) चा होता. शासकीय मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणत्याही नागरिकाला केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणांवरून प्रवेश नाकारता येत नाही. दुसरा मुद्दा अनुच्छेद ३३७ चा होता. त्यानुसार विशेष अनुदान घेणाऱ्या अँग्लो-इंडियन शाळांनी दरवर्षी किमान ४० टक्के प्रवेश इतर समाजांना उपलब्ध करून देणे बंधनकारक होते. घटना ज्या जागा इतरांसाठी उघड्या ठेवायला सांगते, त्याच जागांवर इतरांना घेऊ नका असे सरकारी आदेश सांगत होता. मातृभाषेच्या प्रसाराचा हेतू कितीही चांगला असला, तरी आदेशाचा प्रत्यक्ष परिणाम नागरिकाच्या हक्कावर होतो की नाही हे पाहिले पाहिजे, अशी न्यायालयाची भूमिका होती.

या निकालामुळे इंग्रजी माध्यमाच्या शाळांचे दार भाषेच्या आधारावर बंद करण्याचा मार्ग संपला. पूर्वी रेल्वे शाळा ज्यांच्यासाठी नव्हती, त्या मराठी कुटुंबांना इंग्रजी शाळेत प्रवेश मागण्याचा घटनात्मक आधार मिळाला.

नंतरचा विस्तार

स्वातंत्र्योत्तर काळात तालुक्यात इंग्रजी माध्यमाची मागणी अनेक कारणांनी वाढली. १९४५ मध्ये लोणावळ्यात सुरू झालेले नौदलाचे अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्र आयएनएस शिवाजी, तसेच केंद्र सरकारच्या इतर आस्थापना यांच्यामुळे बदलीवर येणाऱ्या परप्रांतीय कुटुंबांची सतत ये-जा राहिली. अशा कुटुंबांना राज्याराज्यांत सारखे राहणारे माध्यम हवे असते. आयएनएस शिवाजीच्या परिसरात केंद्रीय विद्यालय आहे, परंतु ती सरकारी शाळा आहे. खाजगी शाळांमध्ये प्रथम कॅथलिक संघांनी चालवलेल्या शाळांना लौकिक मिळाला. लोणावळ्यातील डॉन बॉस्को हायस्कूल आणि ऑक्झिलियम कॉन्व्हेंट या शाळा सेल्सियन परंपरेतील आहेत.

तळेगाव परिसरातील औद्योगिक वसाहतीमुळे वाढीचा दुसरा टप्पा आला. २००८ मध्ये तेथे जनरल मोटर्सचा मोटारनिर्मिती प्रकल्प सुरू झाला. पुणे व पिंपरी-चिंचवड येथे नोकरी करणारी कुटुंबेही लोकलच्या सोयीमुळे तळेगाव व वडगाव येथे स्थायिक झाली. स्थानिक न्यास, व्यापारी समाजांच्या संस्था, पुण्यातील जुन्या शिक्षणसंस्था आणि नव्या काळातील खाजगी संस्था यांनी शाळा काढल्या. पूर्वी इंग्रजी शाळा प्रामुख्याने बाहेरून आलेल्यांची होती. आता तिच्या वर्गात दुकानदार, रिक्षाचालक, शेतजमीन विकलेले शेतकरी आणि कारखान्यातील कामगार यांची मराठीभाषक मुले असतात.

मान्यता, अभ्यासक्रम व शुल्क

खाजगी शाळांचे अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित असे प्रकार आहेत. अनुदानित शाळांतील शिक्षकांचे वेतन शासन देते. इंग्रजी माध्यमाच्या नव्या शाळा मुख्यतः महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियम, २०१२ नुसार सुरू होतात. त्यांना शासनाकडून अनुदान मिळत नाही व त्यांचा खर्च शुल्कातून भागवला जातो.

शाळेचे माध्यम आणि शाळेचे परीक्षा मंडळ या वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक इंग्रजी माध्यमाच्या शाळा महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेला विद्यार्थी बसवतात. अशा शाळांची पाठ्यपुस्तके मराठी माध्यमाच्या पुस्तकांशी समांतर असतात. काही शाळा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ म्हणजे सीबीएसई, तर काही आयसीएसई किंवा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम स्वीकारतात.

शुल्कनिश्चिती महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ नुसार होते. शाळेने प्रस्तावित केलेले शुल्क पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावे लागते. या समितीत पालक व शिक्षकांचे प्रतिनिधी असतात. प्रवेशासाठी देणगी घेण्यास राज्यात १९८७ च्या कॅपिटेशन शुल्कविरोधी कायद्याने मनाई आहे.

अनिवासी शाळेच्या खर्चात शुल्काबरोबर प्रवासखर्चही येतो. शाळेच्या बससाठी राज्यात २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत. मावळच्या पश्चिम भागात पावसाळ्यात प्रचंड पाऊस पडतो. लोणावळ्याची वार्षिक सरासरी चार हजार मिलिमीटरच्या पुढे आहे. अतिवृष्टीच्या दिवसांत प्रशासन शाळांना सुट्टी जाहीर करते. आतल्या खोऱ्यातून रोज ये-जा करणाऱ्या मुलांच्या शिक्षणात ऋतूंमुळे असा खंड पडतो.

शिक्षण हक्क कायदा व २५ टक्के प्रवेश

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ (१) (ग) नुसार खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशस्तरावरील किमान २५ टक्के जागा वंचित गटांतील व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलांना मोफत द्याव्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. २०१४ च्या निकालाने मात्र अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्यातून वगळल्या गेल्या. त्यामुळे ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्था म्हणून मान्यता असलेल्या शाळांना हे बंधन लागू होत नाही.

महाराष्ट्रात हे प्रवेश ऑनलाइन अर्ज व सोडतीद्वारे होतात. अनुसूचित जाती व जमातींच्या मुलांना उत्पन्नाची अट नसते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांपर्यंत असावे लागते. सोडतीत घर व शाळा यांमधील अंतर विचारात घेतले जाते. मावळच्या भूगोलात या अटीला विशेष महत्त्व आहे. कायद्याने ठाकर, महादेव कोळी व कातकरी मुले पात्र आहेत, परंतु खाजगी शाळा लोहमार्गालगत आणि अनेक आदिवासी वाड्या खोऱ्यांत आहेत. परिणामी कागदावर हक्क असूनही शाळा अंतराच्या मर्यादेबाहेर राहू शकते.

दुसरी मर्यादा काळाची आहे. कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंतच आहे. नर्सरी किंवा पहिलीत मोफत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला नववीपासून पूर्ण शुल्क भरावे लागते किंवा दहावीच्या तोंडावर शाळा, आणि कदाचित माध्यमही, बदलावे लागते.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियमांत दुरुस्ती करून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खाजगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के प्रवेशांतून सूट दिली. ही दुरुस्ती टिकली असती, तर जिल्हा परिषद, नगर परिषद किंवा अनुदानित शाळेच्या शेजारी असलेल्या खाजगी शाळांची दारे या मुलांना बंद झाली असती. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये या दुरुस्तीला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती घटनाविरोधी ठरवून रद्द केली.

मराठीचे स्थान

इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मराठी हा विषय शिकवण्याची सक्ती राज्याने टप्प्याटप्प्याने वाढवली. ही सक्ती अल्पसंख्याकांच्या हक्कांचा भंग करत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने उषा मेहता विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात २००४ मध्ये दिला. राज्यात राहणाऱ्यांनी राज्याची भाषा शिकणे त्यांच्याच हिताचे आहे, असे न्यायालयाचे मत होते. २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या व सर्व माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी अनिवार्य झाली. अंमलबजावणी २०२०-२१ मध्ये पहिली व सहावी या इयत्तांपासून सुरू झाली. कायदा मोडणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मराठी माध्यमाच्या शाळांतही इंग्रजीचे प्रमाण वाढले. २०००-०१ पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यातील सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला. पुढे जिल्हा परिषद व अनुदानित शाळांनी सेमी-इंग्रजी वर्ग काढले. पटसंख्या टिकवणे हा त्यामागील एक हेतू असतो, कारण पट घटल्यास शिक्षकांची पदे कमी होतात आणि लहान वाडीवरील शाळेचे अस्तित्वच अडचणीत येते.

क्युबेकशी तुलना

बहुसंख्याकांच्या भाषेच्या प्रदेशात इंग्रजी शाळेत कोणाला प्रवेश द्यावा, हा प्रश्न कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्युबेक प्रांतातही महत्त्वाचा आहे. १९७७ मध्ये तेथे संमत झालेल्या फ्रेंच भाषा सनदेने सरकारी आणि अनुदानित खाजगी इंग्रजी शाळांतील प्रवेश मर्यादित केला. सर्वसाधारणपणे आई किंवा वडील इंग्रजीतून शिकले असतील अशाच मुलांना तेथे प्रवेश मिळतो. शासकीय अनुदान न घेणाऱ्या खाजगी शाळांना हे बंधन नाही.

मुंबई राज्याचा १९५४ चा आदेश आणि क्युबेकची सनद यांचा उद्देश बराचसा सारखा होता, परंतु त्यांचे भवितव्य वेगळे झाले. मुंबईचा आदेश काही महिन्यांत रद्द झाला. क्युबेकच्या सनदेच्या काही तरतुदी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये अवैध ठरवल्या, तरी तिचा गाभा टिकून आहे. क्युबेकमध्ये इंग्रजीभाषक हे स्थानिक अल्पसंख्याक आहेत आणि इंग्रजी शाळा मुळात त्यांच्यासाठी आहे. मावळात इंग्रजी ही आज क्वचितच कोणाच्या घरची भाषा आहे. येथील इंग्रजी शाळा मराठी व इतर भारतीय भाषा बोलणाऱ्या मुलांनीच भरलेली असते.

मतमतांतरे

इंग्रजी माध्यमाचे समर्थक उच्च शिक्षण, स्पर्धा परीक्षा, न्यायालये आणि खाजगी नोकऱ्या यांतील इंग्रजीच्या स्थानाकडे लक्ष वेधतात. ज्या समाजांना पूर्वी शिक्षणच नाकारले गेले, त्यांनी इंग्रजीकडे पाठ फिरवावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असाही युक्तिवाद केला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०१४ मध्ये कर्नाटकातील खटल्यात शासन मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती करू शकत नाही आणि माध्यमाची निवड हा पालक व बालक यांच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, असे ठरवले.

टीकाकारांच्या मते लहान मूल अनोळखी भाषेत शिकू लागले तर आकलनाऐवजी पाठांतरावर भर येतो आणि घरी इंग्रजी येत नसलेल्या पालकांना मुलाच्या अभ्यासात मदत करता येत नाही. त्यासाठी शिकवणीचा वेगळा खर्च करावा लागतो. युनेस्कोने १९५३ च्या अहवालात आरंभीचे शिक्षण मातृभाषेतून देण्याची शिफारस केली होती. राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० मध्येही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत, आणि शक्यतो आठवीपर्यंत, घरची किंवा प्रादेशिक भाषा माध्यम असावी असे म्हटले आहे. कातकरी व ठाकरी बोली बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. त्यांच्यासाठी शाळेची प्रमाण मराठीही घरच्या बोलीपेक्षा वेगळी असते आणि इंग्रजी ही तिच्यानंतरची आणखी एक पायरी असते.

या दोन भूमिकांमधील मुख्य अंतर भाषेच्या प्रेमाबद्दल नसून संधीच्या वाटपाबद्दल आहे. तळेगावच्या राष्ट्रीय शाळेचे उद्दिष्ट मराठीतून शिकलेल्या मुलाला कारखाना, शेती व सार्वजनिक जीवन यांत कमीपणा येऊ नये असे होते. वरच्या शिक्षणाची व नोकरीची भाषा इंग्रजी राहिल्याने ते उद्दिष्ट अपुरे राहिले. त्यामुळे लोहमार्गालगतच्या कुटुंबांना शुल्क भरून इंग्रजी शाळा निवडता येते, तर आतल्या खोऱ्यांतील अनेक कुटुंबांपुढे वाडीवरच्या मराठी शाळेशिवाय दुसरा पर्याय नसतो. त्या शाळेचा दर्जा आणि तेथे मिळणारे इंग्रजीचे शिक्षण यांवरच या मुलांच्या पुढील शिक्षणाची वाट अवलंबून राहते.